आधी खवले बघ

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरातली वडीलधारी मंडळी आमची गोष्ट नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबतापासून सुरू करतात. त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची आम्ही लेकरं, असं परंपरा सांगते. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. माझं माहेर रेवदंड्याचं, सासर ठाण्याचं, आणि दोन्ही घरांत कोशर पाळलं जातं. कोशर म्हणजे आमच्या धर्मग्रंथाने, तोराने, घालून दिलेली खाण्यापिण्याची शिस्त: कोणता प्राणी खायचा, तो कसा कापायचा, रक्त कसं काढायचं, मांस आणि दूध एकमेकांपासून लांब कसं ठेवायचं. नियम लहानपणीच पाठ झाले होते. पिशवी घेऊन बाजारात जायला लागल्यावर जे उमगत गेलं, ते इथे सांगते आहे.

१. मासळीबाजारात कोशर ओळखायला पुस्तक लागत नाही, अंगठ्याचं नख लागतं. ज्या माशाला पर आणि खवले आहेत तो आमचा. पापलेट, रावस, सुरमई, बांगडा, घोळ आणि अलिबागकडचा मानाचा जिताडा, हे सगळे चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं, माकुल, मुशी, वाम, शिंगाळा चालत नाहीत. जिताड्याचे खवले लांबूनही दिसतात. सुरमई मात्र हाताला गुळगुळीत लागते. आजी तिच्यावर शेपटीकडून डोक्याकडे उलटं नख ओढायची आणि नखाखाली आलेली बारीकशी चंदेरी चकती उजेडात धरून मला दाखवायची. ‘आधी खवले बघ, मग भाव कर,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. खवला कातडी न फाटता सुटायला हवा, हेही तिनेच शिकवलं. पुढे कळलं की शास्त्रातही असंच आहे: खवले असलेल्या माशाला पर असतातच, त्यामुळे खवला सापडला की आणखी चौकशी नको. पाण्याबाहेर काढताना खवले गळून पडले, तरी तो मासा कोशरच राहतो.

पण मला जास्त नवल वाटतं ते आमच्या कोळणीचं. आम्ही दिसलो की ती टोपलीतली कोळंबी स्वतःच बाजूला सारायची. आमचा मासा कापण्याआधी कोयता धुऊन घ्यायची. नवीन सून एखाद्या चुकीच्या माशाकडे वळली तर म्हणायची, ‘यो तुमचा नाय गो बाय.’ तिच्या आईनं माझ्या आजीला मासळी घातली होती, तेव्हापासूनचं हे चालत आलेलं. हल्ली मॉलमध्ये कातडी काढलेले पांढरे तुकडे थर्माकोलच्या ताटलीत मिळतात. मी ते घेत नाही. कातडीच नाही तर साक्ष कुणाची काढायची?

२. आमची ओळखच मुळी माशांवरून पटली, याचा मला फार अभिमान आहे. परंपरा सांगते की दावीद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. शनिवार पाळणारे हे तेली खरोखर आपल्यातले आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे आमच्याकडे चालत नाहीत म्हणाल्या. तो कोणत्या शतकात आला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विस्मरणात गेली होती, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी ओठांवर उरली होती. तरीही चुलीजवळ नियम जिवंत होते. परीक्षा बायकांची घेतली गेली आणि त्या उत्तीर्ण झाल्या, हे मी माझ्या मुलींना मुद्दाम सांगते.

३. मटण वर्ज्य करणं सोपं असतं, नियमाने मिळवणं अवघड. खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो, म्हणून बकरा चालतो. पण तो कापायचा हज्जानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, किंवा त्या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाने. सुरीला कुठेही दाता नसावा, म्हणून तो तिची धार आधी नखावरून फिरवून पाहतो. नंतर फुप्फुसं तपासतो. मागच्या मांडीतली शीर आम्ही खात नाही, कारण देवदूताशी झुंजताना याकोबच्या मांडीला तिथे इजा झाली होती. ती शीर काढायला जाणता हात लागतो. कोंबडी कापली की तिच्या रक्तावर राख किंवा माती टाकायची. लहानपणी मी काखेत कोंबडी धरून हज्जानकडे जायचे, आणि ती राख टाकायचं काम माझ्याकडे असे.

आता ही माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. १९५१ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या २०,००० च्या आसपास होती, आज चार-पाच हजार असेल. बाकीचे इस्रायलला गेले. मागणीच घटली तर कापणारा तरी कुठून राहणार? ठाणे, मुंबई, पनवेल इकडची घरं एकमेकांना फोन करून मटणाची एकत्र मागणी देतात. ज्या आठवड्यात जमत नाही त्या आठवड्यात वरण, उसळ, मासे, अंडी. आमच्या कित्येक घरांनी असे महिनोन् महिने मटणाशिवाय काढले आहेत आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही.

४. मटणाला मीठ लावताना रक्ताच्या नियमाचा अर्थ हाताला कळतो. रक्त म्हणजे जीव, आणि जीव खायचा अधिकार माणसाला नाही, एवढं त्यामागचं सूत्र. मटण घरी आलं की अर्धा तास पाण्यात भिजवायचं. मग निथळून सगळ्या बाजूंनी, अगदी फटीफटीत जाडं मीठ चोळायचं. बारीक मीठ लगेच विरघळतं आणि रक्त ओढत नाही. फार मोठा खडा तुकड्यावर टिकत नाही. आई मिठागरातलं खडेमीठ आणून पाट्यावर वरवंट्याने हलकेच भरडून घ्यायची. मीठ लावलेले तुकडे रोवळीत ठेवायचे. ही रोवळी मांसाची, तांदूळ धुवायची वेगळी. मग रोवळी मोरीत तिरकी टेकवायची आणि तासभर हात लावायचा नाही. खाली गुलाबी पाणी ठिबकत राहतं. त्यानंतर तीन पाण्यांनी धुवायचं आणि मसाल्यात मीठ घालताना चव बघून घालायचं, कारण मांसाने आधीच घेतलेलं असतं.

हे सगळं प्राणी कापल्यापासून तीन दिवसांच्या आत व्हायला हवं. म्हणून मटण आलं की फ्रीझरमध्ये टाकून मोकळं होता येत नाही. आधी मीठ, मग फ्रीझर. कलेजीत रक्त इतकं असतं की मीठ पुरत नाही. ती उघड्या आचेवर जाळीत भाजूनच घ्यावी लागते, मग कांदा-मसाल्यात. अंडं वेगळ्या वाटीत फोडायचं, लाल ठिपका दिसला तर टाकून द्यायचं.

नोकरी करून घरी आल्यावर या दीड-पावणेदोन तासांचा मला पूर्वी ताण यायचा. आता मला ते हवेसे वाटतात. जे खाणार आहोत ते काल चालतं-फिरतं होतं, याची जाणीव ठेवायला तेवढा वेळ लागतोच.

५. नारळाच्या मुलखात कोशर पाळायला मिळणं हे आमचं भाग्य. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. पुढच्या धर्मपंडितांनी त्यावरून मांस आणि दुभतं पूर्ण वेगळं केलं. ताटात वेगळं, भांड्यांतही वेगळं. म्हणजे दह्यात मुरवलेलं चिकन गेलं, लोण्यातलं गेलं, मटणाच्या रश्श्यावर तुपाची फोडणीही गेली. पण कोकणाला त्याची उणीव जाणवत नाही. नारळाचं दूध मांसातही मोडत नाही आणि दुभत्यातही नाही. हिरव्या मसाल्याचं मटण नारळाच्या दुधात शिजवलं आणि वरून कोकमाचा आंबटपणा दिला, की आणखी काय पाहिजे? तेलही आमच्याच घाण्यावरचं होतं.

गोडाचंही तसंच. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, मटणाच्या जेवणावर खवा किंवा बासुंदी चालत नाही. म्हणून चिकाचा हलवा. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून चीक गाळायचा. मग मोठ्या पातेल्यात चीक, नारळाचं दूध आणि साखर घालून ढवळायला बसायचं. सुरुवातीला पळी सहज फिरते. तासाभराने दोन्ही हात लागतात आणि मग घरातले पुरुषही कामाला लागतात. हलवा कडा सोडू लागला की ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि गार झाला की शंकरपाळ्याच्या आकारात कापायचा. हल्ली पुष्कळ घरांत चायना ग्रासवर काम भागवतात. छान होतो तोही. पण चिकाच्या हलव्याला जो दाताखाली हलकासा चिवटपणा असतो तो त्याला येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अडचण फक्त चहाची. मटण खाल्ल्यावर दुधाचा चहा घेईपर्यंत किती थांबायचं, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. माझ्या माहेरी तीन तास, सासरी सहा. मी सहा पाळते आणि दुपारी गवती चहा उकळून बिनदुधाचा पिते.

६. पाकिटावरचा हिरवा ठिपका आमचा मोठा आधार आहे, पण तो अर्धंच काम करतो. भारतात खाद्यपदार्थाच्या जवळजवळ प्रत्येक पाकिटावर शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असते. युरोपात राहणारे आमचे नातेवाईक याचा हेवा करतात. बिस्किटात चरबी आहे का, जेली जनावराच्या हाडांपासून केली आहे का, लाल रंग किड्यांपासून काढला आहे का, हे तिकडे शोधत बसावं लागतं. इथे हिरवा ठिपका पाहिला की बरेचसे प्रश्न सुटतात. उडुप्याच्या हॉटेलात आमची माणसं निर्धास्त बसतात, तेही तिथे सगळं शाकाहारी असतं म्हणूनच.

पण हिरव्या खुणेत दूध चालतं. त्यामुळे पाव, मसाल्याचं तयार पाकीट, सूपची पुडी, यांत दुधाची भुकटी असू शकते आणि मग ते मटणाबरोबर चालत नाही. उलट अंड्यामुळे केकवर तपकिरी खूण येते, आणि आमच्या नियमात अंडं मांसही नाही आणि दुभतंही नाही. म्हणून हिरवं असो की तपकिरी, घटकांची यादी मी शेवटपर्यंत वाचते. निर्यातीसाठी माल करणाऱ्या काही भारतीय कारखान्यांच्या बाटल्यांवर वर्तुळातला ‘यू’ दिसतो, ते एका अमेरिकन संस्थेचं कोशरचं प्रमाण. शेजारी ‘डी’ असेल तर त्यात दुभतं आहे असं समजायचं.

७. वाइनवाचून आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र दिवस, कधी अडला नाही. कोशर वाइनला द्राक्षं चिरडण्यापासून ज्यू हात लागतात. नाशिक इतकं जवळ असून त्याचा उपयोग नाही. म्हणून शुक्रवारी काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या आणि त्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणायचा. मुलांनाही पेला पुढे करता येतो.

८. शेजारी आपला नियम आपल्यापेक्षा नीट लक्षात ठेवतात, हे पाहून मी पुन्हा पुन्हा नम्र होते. आमच्या मजल्यावरच्या सीकेपी काकू सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी करतात तेव्हा सगळ्या दारांत वाटी जाते. आमच्या दारात त्या दिवशी वालाचं बिरडं येतं. मी कधी मागितलं नाही. बिरडं आमच्याकडेही मोठं आहे: यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास आम्ही मराठीत बिरड्याचा सण म्हणून ओळखतो. त्याआधीच्या दिवसांत मांस खात नाहीत आणि उपासाच्या आदल्या संध्याकाळी मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ जेवतात. वाल सोलायला काकू येऊन बसतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी भराभर चालतो.

वरच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. किडा पोटात जाऊ नये याची त्यांना जेवढी काळजी, तेवढीच आम्हाला, कारण तोराने किडे निषिद्ध केले आहेत. पालेभाजीचं एकेक पान उजेडात धरायचं, फुलकोबीचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, पीठ दोनदा चाळायचं. त्या घरची गृहिणी आणि मी भाजी निवडायला गॅलरीत बसतो. कारणं वेगळी, काम एकच.

९. पेसाहच्या आठवड्यात घरातला सर्वांत मोठा चोर हिंगाच्या डबीत सापडतो. मिसरमधून सुटकेच्या या सणात गहू, जव अशा पाच धान्यांचं काहीही आंबलेलं किंवा आंबू शकणारं घरात चालत नाही. पाव, बिस्किटं, रवा, शेवया हे सगळं आधीच बाहेर जातं. पण बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि हिंग तयार मसाल्यांत आणि लोणच्यातही असतो. म्हणून त्या आठवड्यात फोडणी बिनहिंगाची, मसाला घरी कांडलेला, आणि गेल्या वर्षीच्या लोणच्याची बरणी घराबाहेर. आजीच्या काळी सणाआधी घराला रंग द्यायचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. कल्हईवाला दारात भाता लावून बसला की सण जवळ आला समजायचा.

बेखमीर भाकरी बिनमिठाची, पीठ मळल्यापासून अठरा मिनिटांत भाजून निघाली पाहिजे. बाकी जेवणाला तांदळाची भाकरी. युरोपातले ज्यू पेसाहमध्ये तांदूळ टाळत आले आहेत, आम्ही खातो, पण एकेक दाणा निवडून. प्रश्न येतो दळणाचा. गिरणीत आमच्या आधी कुणाचे गहू दळले गेले असतील तर ते पीठ चालणार नाही. हे गिरणीवाल्याला कसं समजवावं, याची मी लग्नानंतरच्या पहिल्या पेसाहला मनात जुळवाजुळव करत होते. त्याने माझं पहिलं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. ‘म्हणजे उपासाच्या दळणासारखं ना, वहिनी?’ म्हणाला. नवरात्रात वरी आणि राजगिऱ्यासाठी तो गिरणी झाडून-पुसून घेतो, दगड साफ करतो. आमच्यासाठी सकाळी पहिलं दळण ठेवतो. हे त्याने मला समजावून सांगितलं, मी त्याला नाही.

१०. प्रत्येक घराची रेघ वेगळी असते, आणि दुसऱ्याची रेघ मोजायला जाऊ नये. आमच्यात बाहेर पाणीसुद्धा न पिणारी माणसं आहेत, बाहेर फक्त शाकाहार घेणारी आहेत, आणि डुक्कर व कोळंबी सोडून बाकी सारं खाणारीही आहेत. गाईचं मांस नियमात बसत असूनही पिढ्यान् पिढ्या ते न शिवणारी घरं मला माहीत आहेत. गावात राहायचं तर गावाचं मन राखलं पाहिजे, ही त्यामागची भावना. मी माझ्या मुलींना सगळं शिकवलं आहे. त्या त्यातलं किती ठेवतील ते त्यांनी ठरवायचं.

माझी नणंद इस्रायलमध्ये दिमोनाला असते. तिथे बहुतेक मांस मीठ लावून, धुऊन, शिक्का मारून मिळतं. तिच्या सुनेला रोवळी माहीत नाही, आणि तिला ती लागतही नाही. पण नातवाचं लग्न ठरलं की ही सगळी मंडळी विमान पकडून अलिबागला येतात, कारण एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, नवस अलिबागजवळच्या खंडाळ्याला, त्यांच्या रथाची खूण असलेल्या खडकाजवळच फेडायचा असतो. नवसाचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि भोवती पाच तऱ्हेची फळं. त्यात मांस नाही, दूध नाही, गहू नाही, म्हणून कोणत्याही घराच्या कोणत्याही नियमात तो बसतो. गेल्या खेपेला ताटं मांडून प्रार्थना झाली, मलिदा वाटला, आणि आम्हाला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याने आपला वाटा खाऊन झाल्यावर घरच्यांसाठी आणखी मागून घेतला. नणंदेने त्याला आपल्याच डब्यातला काढून दिला.